मदत हवी आहे: निर्णय बरोबर असतो, तरी शिट्टीनंतर धीर सुटतो

नमस्कार. मी नेरुळला राहते. १५ वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल सामन्यांना रेफरी म्हणून जाते. नियम पक्के आहेत, दमही आहे. अडचण वेगळीच आहे.

गेल्या रविवारी घणसोलीला सामना होता. फॉरवर्डने चेंडू बाजूने काढला आणि झेपावलेल्या गोलकीपरचा हात त्याच्या घोट्याला लागला. मी अगदी जवळ होते. पेनल्टी दिली. लगेच पाचसहा मुलं अंगावर, "मॅडम, हात आधी बॉलला लागला!" जाळीबाहेरून पालकांचा आरडाओरडा, कोच तर सरळ मैदानात. मी निर्णय बदलला नाही, पण आवाज इतका बारीक झाला की कॅप्टनला पुन्हा विचारावं लागलं, "काय दिलंय?" नंतर एका पालकानेच मोबाईलवर व्हिडिओ दाखवला; निर्णय बरोबरच होता. तरीही उरलेल्या वेळात प्रत्येक शिट्टी उशिरा वाजत होती.

गोंगाटाचा परिणाम सगळ्यांवर होतो हे वाचलंय. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका इंग्लिश अभ्यासात रेफरींना सामन्यातले टॅकल दाखवले, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी यजमानांविरुद्ध साधारण १५ टक्के कमी फाउल दिले. मग ज्यांना जमतं ते नेमकं काय करतात? "आत्मविश्वास ठेव" असं सगळेच सांगतात. मुलं अंगावर आली की त्या क्षणी काय करायचं, ते सांगा. आमच्याकडे लाइन्समन मिळतीलच असं नाही. आणि आधीचा निर्णय डोक्यातून काढायचा कसा?

प्रतिसाद:

ताई, मी ठाण्यात बरीच वर्षं रेफरी आहे. शिट्टी खणखणीत वाजवा, हाताने पेनल्टी स्पॉट दाखवा. घोळक्यात थांबू नका. सगळे नजरेत राहतील इतक्या मागे सरका. बोलायचं फक्त कॅप्टनशी, एकाच वाक्यात: "कीपरचा हात पायाला लागला." हुज्जत घालणाऱ्या पहिल्याच मुलाला पिवळं कार्ड दाखवा, पाचव्यापर्यंत थांबलात तर सामना हातातून जातो. कोचचंही तेच. २०१९ पासून नियमानेच कोचलाही कार्ड दाखवता येतं, आणि आपल्याकडच्या अनेक कोचना हे माहीतच नसतं.

उशिराच्या शिट्टीचं मात्र इतकं मनाला लावून घेऊ नका. अ‍ॅडव्हांटेज (खेळ न थांबवता, ज्याच्यावर फाउल झाला त्या संघाला होणारा फायदा) मिळतोय का हे बघायला काही सेकंद नियमच देतो. बघण्यासाठी थांबलात की घाबरून, एवढंच स्वतःला विचारा.

खेळ पुन्हा सुरू झाला की आधीचा निर्णय नियमानेच बदलता येत नाही. मी मनातही तीच रेघ ठेवतो. किक झाली की फक्त एकच विचार: पुढच्या चेंडूला मी कुठे उभा असायला हवा? जागा बरोबर असली की निम्म्या शंका येतच नाहीत. आधीच्या प्रसंगाचा विचार घरी, वहीत: कुठे होतात, काय दिसलं.

पुढचा सामना कधी आहे? जमलं तर फ्लॅग घेऊन लाइनवर उभा राहायला येतो.