टेलोमिअरची देखभाल, राखण की भर?

मांजराकाठ (लातूर): बारावीच्या मुलांसाठी उंदरांवरच्या संशोधनाचं टिपण मराठीत करतोय. 'टेलोमिअरची (गुणसूत्राचं टोक जपणाऱ्या भागाची) देखभाल' लिहिलं, तर सहकारी बाई म्हणाल्या, देखभाल म्हाताऱ्या माणसाची, इथं 'राखण' हवं. काय ठेवू?

हुरडा (परभणी): राखण नकोच. राखण म्हणजे ज्वारी दाण्यात आली की माळ्यावर बसून गोफणीनं पाखरं हाकायची. त्यानं आहे तेवढं वाचतं, वाढत काही नाही. इथं पेशी दरवेळी विभागली की गुणसूत्राचं टोक झिजतं आणि टेलोमरेज नावाचं एन्झाइम ते पुन्हा लांबवतं. 'भर घालणं' म्हणा.

गोदातीर (पैठण): टेलोमिअर तरी कशाला? 'दशी' म्हणा. कापडाच्या टोकाचा धागा. संस्कृतात दशा म्हणजे कापडाचं टोक आणि वयाची अवस्थाही. दोन्ही अर्थ इथं लागू पडतात!

हुरडा: दशा सुटल्या की कापड उसवायला लागतं. टेलोमिअर तर टोक उसवू देत नाही. पोरांच्या डोक्यात उलटंच बसेल. टेलोमिअरच राहू द्या, पोरं सोनोग्राफी म्हणतातच की.

मांजराकाठ: देखभालीचं राहिलंच. पूर्ण मजकूर देतो: 'टेलोमरेजचा आरएनए बनवणारं जनुक काढलेल्या उंदरांच्या पहिल्या पिढीत फारसं बिघडत नाही, कारण प्रयोगशाळेतल्या उंदरांचे टेलोमिअर माणसापेक्षा बरेच लांब असतात. १९९८च्या शोधनिबंधानुसार सहाव्या पिढीपर्यंत नर वांझ होतात आणि अस्थिमज्जेतल्या रक्त घडवणाऱ्या पेशींची वाढण्याची ताकद घटते.'

बालाघाट (बीड): नर वांझ? वांझ शब्द बाईमाणसाचा, गायीम्हशीचा. 'नपुंसक' लिहा.

गुरांचा डॉक्टर (उदगीर): नपुंसक साफ चूक. ज्याला मादीवर जाता येत नाही तो नपुंसक. या नरांच्या वृषणातल्या बीजपेशीच मरतात, नळ्या रिकाम्या पडतात. रक्त काय, शुक्राणू काय, दोन्हीकडं विभागणी अखंड चालू असते, म्हणून फटका तिथंच जोरात बसतो. 'निर्बीज' लिहा. आणि कुणी 'भाकड' सुचवू नका. भाकड म्हणजे दूध आटलेली. वारंवार उलटणारी, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर येणारी गाय वेगळी.

गोदातीर: 'वांझ'ला लिंग कुठलं आलं? न फळणाऱ्या आंब्याला आमची आजी वांझ आंबाच म्हणायची. आंबा पुल्लिंगी.

बालाघाट: आंब्याचं सोडा. पपईचं न फळणारं झाड खरंच नर असतं. त्याला आमच्याकडं नर पपई म्हणतात, वांझ कुणी म्हणत नाही.