मुंबईतच एका दिवसाची वेगळी सहल : कुठे जावे?

प्रश्न : आम्ही दोघे, दोन मुले आणि आई असे पाच जण रविवारी गेटवे, राणीची बाग वगळून काही वेगळे पाहू इच्छितो. आईचे गुडघे दुखतात. कृपया सुचवावे.

उत्तर : कान्हेरी लेणी अवश्य पाहा. लेणी शंभराहून अधिक आहेत, तेव्हा सगळी पाहण्याचा हट्ट नको; मात्र पावसाचे पाणी कातळात कोरलेल्या चरांतून पोढींत, म्हणजे कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यांत, कसे उतरते, हे मुलांना चरांवरून बोट फिरवत समजून घेऊ द्या.

उत्तर : कान्हेरीच्या पायऱ्या आईंना झेपणार नाहीत. वाळकेश्वरच्या बाणगंगा तलावावर जा, जिथे समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही झऱ्याचे पाणी गोडे आहे आणि आईंना वरच्या पायरीवर निवांत बसता येते. तिथून गिरगावात खोताची वाडी गाठा. तिथल्या जुन्या घरांचे लाकडी जिने, नक्षीदार कठडे डोळे भरून पाहा. पण ती नांदती घरे आहेत, छायाचित्रापूर्वी परवानगी घ्या.

उत्तर : मुलांसाठी अंधेरीचा गिल्बर्ट हिलही आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे ते उभे काळे खांब पायथ्यावरूनही दिसतात.

प्रश्नकर्ता : मनःपूर्वक आभार. आईसह बाणगंगा आणि वाडी नक्की. कान्हेरीला मुलांना घेऊन पुन्हा कधीतरी जाऊ.