मदत हवी आहे : 'किनॉ' आडनावाचं 'फोर्ड' कधी झालं असेल?

माझ्या सासूबाईंचं माहेर आयर्लंडमधल्या लीट्रिम काउंटीतलं. परवा तिथल्या जुन्या दफनभूमीत गेलो होतो. पणजोबांच्या दगडावरचं शेवाळ ओल्या फडक्यानं पुसलं तर अक्षरं दिसली : 'किनॉ'. घरात मात्र सगळे फोर्ड लावतात!

'किनॉ'चं मूळ गेलिक (म्हणजे आयरिश भाषेतलं) रूप 'मॅक कॉन्हनावा'. 'मॅक' म्हणजे मुलगा, 'कू' म्हणजे शिकारी कुत्रा, 'स्नाव' म्हणजे पोहणं. पोहणाऱ्या शिकारी कुत्र्याचे वंशज! (तिकडे जुन्या काळी शूर योद्ध्याला मानानं 'कू' म्हणत.) हा 'स्नाव' आणि आपलं 'स्नान' एकाच मुळातून आलेत, हे कळल्यावर मी लगेच सासूबाईंना फोन केला. पुढे नावाच्या शेवटी 'आह', म्हणजे नदी चालत ओलांडायची उथळ जागा, आहे अशी गल्लत झाली आणि अशा जागेला इंग्रजीत 'फोर्ड' म्हणतात म्हणून त्याचं फोर्ड झालं.

१९०१ आणि १९११च्या जनगणनेत आमची माणसं फोर्डच आहेत. त्याआधीच्या जनगणनेचे कागद जवळपास सगळे नष्ट झालेत. मग आधी काय बघू, १८४७ ते १८६४चं ग्रिफिथ मूल्यांकन (करासाठी केलेली जमीन-घरांची नोंद) की कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या? त्या वह्यांतलं लॅटिन वळण वाचता येणारं कुणी आहे का इथे? सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, त्यांना हे लवकर सांगायचंय.