दाताचा ब्रिज बसवलेल्यांनी अनुभव सांगा

दिवाळीत कडक चकलीवर दाढ उभी चिरली. खालची, उजवीकडची, पुढून सहावी. दहा वर्षांपूर्वी तिचं रूट कॅनाल झालं होतं. कॅप 'नंतर बघू' म्हणून राहिली, आणि ते नंतर आता असं बघायला मिळालं. एक्स-रेमध्ये चीर थेट मुळापर्यंत गेलेली. दाढ काढावी लागली. दोन महिने झाले, जीभ दिवसभर त्या खड्ड्यात जाऊन येते.

डॉक्टरांनी तीन वाटा सांगितल्या: काढायचा-घालायचा दात, ब्रिज, नाहीतर इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात. ब्रिज म्हणजे मागची दाढ आणि पुढची छोटी दाढ तासायची, दोन्हींवर कॅपा चढवायच्या आणि मधली खोटी दाढ त्या कॅपांना जोडलेली. तीन दातांचं एकच अखंड काम. माझं घोडं अडलंय ते त्या 'तासायची' शब्दापाशी. शेजारच्या दोघीही ठणठणीत आहेत, साधी चांदीसुद्धा भरलेली नाही. गेलेल्या एकीसाठी असलेल्या दोघी घासायच्या?

ज्यांनी बसवलाय त्यांनी लिहा. किती वर्षं झाली, काय खाता येतं, काय अडकतं, पस्तावलात का. कुठेतरी वाचलेलं नको, स्वतःच्या तोंडातलं सांगा.
– आंबेमोहोर

कृष्णाकाठ
वय ६८. माझा ब्रिज २००६ चा, तीन दातांचा, आत धातू आणि वर चिनी मातीसारखं सिरॅमिक. अजून तोच आहे. ऊस सोलत नाही, बाकी सगळं खातो. भाजलेले शेंगदाणे, बाजरीची भाकरी, मटणाची नळी.

पण पहिली चार वर्षं मी मूर्खासारखी काढली. ब्रिजची मधली दाढ हिरडीवर नुसती टेकलेली असते, तिच्याखाली बारीक फट राहते. वरून ब्रश मारला की झालं असं मी समजत होतो. मग एक दिवस नात म्हणाली, "आजोबा, तुमच्या तोंडाला वास येतो." मुलांना कोण गप्प करणार. डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी मला एक प्लॅस्टिकचा मोठ्या नेढ्यासारखा फासा दिला. त्यात फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा दोरा, ओवायचा, दोन कॅपांच्या मधून आत घालायचा, खोट्या दाढेच्या पोटाखालून ओढत दुसरीकडून काढायचा. पहिल्या दिवशी जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून रोज रात्री बातम्या बघताना माझं हे चालतं. मंडळी म्हणतात, "यांचा सुई-दोरा सुरू झाला."

आता हिरडी थोडी खाली सरकली आहे आणि कॅपेच्या काठाला काळी रेघ दिसते. आतल्या धातूचा काठ आहे तो. मागे आहे, कोण बघतंय.

सईची साय
काकांचा सुई-दोरा :हसू:

माझा जानेवारीत बसवला. डॉक्टरांनी आधी कच्च्या सिमेंटवर लावला होता, म्हणाले आठवडाभर वापरून बघा, चावताना कुठे उंच लागतो का सांगा, मग पक्का करू. चिकट खाऊ नका हेही सांगितलं. मधेच संक्रांत आली. हळदीकुंकवाला एका घरी तिळाची वडी हातावर ठेवली आणि नको कसं म्हणायचं? दुसऱ्या चाव्याला अख्खा ब्रिज वडीसकट बाहेर. तोंडाला पदर लावून घरी आले आणि कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवला. नवऱ्याने तत्परतेने इन्स्टंट गोंदाची ट्यूब आणली. मी हो म्हणणार होते, पण घासलेल्या दोन दातांवर गार पाणी लागलं आणि अशी कळ गेली की थेट डॉक्टरांना फोन. ते ओरडलेच. गोंद लावून एक केसभर जरी वाकडा बसला असता तर पुढची सगळी चावण इकडची तिकडे, आणि काढायचा तर कापूनच काढावा लागला असता. साफ करून पंधरा मिनिटांत परत बसवला.

पैसे: झिरकोनियाचे (आत धातू नसलेलं कडक पांढरं सिरॅमिक) तीन दात, २१ हजार. माझ्या पॉलिसीत दातांना काहीच मिळालं नाही, अपघात असेल तरच म्हणे.

ढेकूळ
आमच्या वडिलांचं सांगतो. आठवडी बाजारात एक जण पेटी घेऊन बसायचा, 'एका तासात फिक्स दात'. वडिलांचे पुढचे दोन पडलेले. त्यानं पावडर आणि पातळ औषध कालवून बाजूच्या दातांना लिंपून दोन दात चिकटवले. लगीन होतं घरात, फोटोत वडील खुशीत हसतायत. वर्षभरात बाजूचे दोन चांगले दात हलायला लागले. तालुक्याला नेलं तर बाई म्हणाल्या, हा ब्रिज नाहीच, नुसतं लिंपण आहे, हिरडीत रुतलंय आणि खाली सगळं कुजलंय. दोनाचे चार गेले. शेवटी कवळी. त्यामुळं कुणी तासात दात बसवून देतो म्हणालं तर चप्पल हातात घ्या.

मांडवीकाठ
माझ्या सासूबाईंचा बांबोळीच्या गोवा डेंटल कॉलेजमध्ये झाला. विद्यार्थी करतात आणि प्रत्येक टप्प्यावर शिक्षक येऊन तपासतात. त्यामुळे वेळ फार जातो, आम्हाला सात खेपा पडल्या. एका खेपेला मापाच्या साच्यात बुडबुडा आला म्हणून शिक्षकांनी पुन्हा घ्यायला लावलं. ती मुलगी रडकुंडीला आली, सासूबाईच तिला म्हणाल्या, "घे गो बाय, मला काय घाई नाही." खर्च खासगीपेक्षा पुष्कळ कमी. पाच वर्षं झाली, काम उत्तम. तक्रार एकच: बांगड्याचा काटा खाली शिरला तर जेवण थांबवून आरशासमोर जावं लागतं.

दाढदुखी
मी दंतवैद्य आहे, म्हणजे खुर्चीच्या दुसऱ्या बाजूने लिहितेय. चालेल ना?

आंबेमोहोर, तुमची गेलेली दाढ आमच्याकडे 'सेहेचाळीस नंबर'. माझ्याकडे येणाऱ्यांत ही आणि तिची डावीकडची बहीण सगळ्यात जास्त गेलेल्या असतात. कारण ती सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागून गुपचूप येते. कुठला दात पडून येत नाही, म्हणून आईवडील तिलाही दुधाचीच समजतात. किडली तर "पडेलच की" म्हणतात. ती पडून दुसरी कधीच येत नसते.

जागा रिकामी ठेवू नका, हे आधी. मागची दाढ हळूहळू खड्ड्यात कलते, वरची दाढ खाली उतरू लागते. चार-पाच वर्षांनी लोक येतात तेव्हा ब्रिजला सरळ जागाच उरलेली नसते.

आता तासण्याबद्दल. तुमची शंका रास्त आहे. कॅपेला जागा हवी म्हणून साधारण एक ते दोन मिलिमीटर दात चहूबाजूंनी आणि वरून जातो, आणि गेलेलं इनॅमल परत येत नाही. शेजारच्या दातांना आधीच मोठं फिलिंग असेल, रूट कॅनाल असेल, कॅप लागणारच असेल, तर ब्रिज मी डोळे मिटून सांगते. एका कामात तीन कामं. पण दोन्ही कोरे असतील तर मी आधी इम्प्लांटचं विचारते. हाड पुरेसं हवं, साखर ताब्यात हवी, तंबाखू नको आणि तीन-चार महिने थांबायची तयारी हवी. यातलं एखादंही जमत नसेल तर ब्रिज काही वाईट नाही.

मला भीती वाटते ती पूर्ण निघालेल्या ब्रिजची नाही. निघाला की माणूस येतो. एका बाजूचं सिमेंट सुटलेलं आणि दुसरी बाजू घट्ट, हे घातक. ब्रिज जागेवरच असतो, हललेला कळतही नाही, आणि सुटलेल्या कॅपेत थुंकी आणि अन्न शिरत राहतं. त्या दाताचं रूट कॅनाल झालेलं असेल तर दुखतही नाही. मागच्या वर्षी एका काकांचा ब्रिज काढला तर आत दाताच्या जागी ओल्या लाकडासारखा भुसा. तोंडाला विचित्र चव यायला लागली किंवा चावताना 'पच्' असा आवाज आला तर त्याच आठवड्यात दाखवा.

मेणाचा माणूस
डॉक्टर बोलल्या, आता लॅबवालाही बोलतो. मिरजेत २२ वर्षं दात बनवतोय. तुम्ही आम्हाला कधी बघत नाही, आम्ही तुमचे फक्त दात बघतो.

मेटल-सिरॅमिकच्या कामात साच्यावर आधी मेणाचे दात कोरायचे, ते मेण जाळून त्या पोकळीत धातू ओतायचा, मग वर पावडरीचे थर देऊन भट्टीत भाजायचे. झिरकोनियाचा ठोकळा खडूसारखा मऊ येतो. मशीन त्यातून दात कोरतं ते खऱ्या मापापेक्षा साधारण वीस-पंचवीस टक्के मोठं, कारण नंतर १४५०-१५०० अंशांच्या भट्टीत ते तेवढं आकसतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला गणपतीच्या मूर्तिकाराची आठवण झाली. तोही ओल्या मातीचं आकसणं धरूनच हात चालवतो.

सगळ्यात जास्त भांडण होतं रंगावरून. लोकांना पांढरेशुभ्र हवे असतात. आपल्याकडे बहुतेकांचे दात ए-टू, ए-थ्री शेडचे, म्हणजे हलके पिवळसर. तीनच दात शुभ्र केले तर भिंतीत नवी फरशी बसवल्यासारखे दिसतात. शेड बघायची तर दिवसाउजेडी, खिडकीपाशी, लिपस्टिक पुसून.

धुकट बर्मिंगहॅम
माझी गोष्ट वेगळी. वरचा पटाशीशेजारचा दात मला जन्मतःच नाही. इथे मला मेरीलँड ब्रिज बसवला. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात ही पद्धत विकसित झाली म्हणून हे नाव. दात जवळजवळ तासतच नाहीत. खोट्या दाताला मागून एक पातळ पंख असतो, तो शेजारच्या दाताच्या पाठीला चिकटवतात. माझा आधी दोन पंखांचा होता, तो दोनदा सुटला. नंतरच्या डॉक्टरने एकाच पंखाचा केला, म्हणे एकाच दाताला धरलेला जास्त टिकतो, दोन दात वेगवेगळे हलतात तेव्हा ओढाताण होते. सात वर्षं झाली, सुटलेला नाही. सफरचंद मात्र कापून खाते.

इंग्लंडात सरकारी दरपत्रकात ब्रिज सर्वात वरच्या, तिसऱ्या टप्प्यात येतो, पण खरी अडचण सरकारी दंतवैद्य मिळण्याची. आई म्हणते सुट्टीत पुण्याला ये आणि करून जा. पण दोन आठवड्यांत घाईने करून परत आलं आणि काही बिघडलं तर दाखवायचं कोणाला?
आंबेमोहोर, तुझ्या चावायच्या दाढेला हा प्रकार बहुधा सांगणार नाहीत.

तिरकी रेघ
पस्तावलो. चांगल्या दाढा तासल्या, आठ महिन्यांत त्यातल्या एकीची नस गेली, रात्रभर ठणका. ब्रिजला वरून भोक पाडून रूट कॅनाल. डॉक्टरांचा दोष म्हणत नाही, असं काहींना होतं म्हणे. पण हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आता बरा आहे.

आंबेमोहोर
सगळ्यांचे आभार. काल डॉक्टरांना विचारलं, "माझ्या दोन्ही दाढा तुमच्या मुलीच्या असत्या तर?" थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तासल्या नसत्या." मग स्कॅन केला, हाड पुरेसं आहे. इम्प्लांटचा आकडा ३८ हजार, ब्रिजपेक्षा बराच वर, पण मार्चमध्ये भिशी लागतेय. ब्रिजवाल्यांनो, रागावू नका.
कृष्णाकाठ काका, तुमचा तो फासा कुठे मिळतो? माझ्या आईच्या तोंडात नऊ वर्षांचा ब्रिज आहे आणि तिला खालून साफ करायचं असतं हे माहीतच नव्हतं.

कृष्णाकाठ
कुठल्याही मोठ्या औषधाच्या दुकानात. 'फ्लॉस थ्रेडर' म्हणा. आईंना सांगा पहिले दोन दिवस रक्त आलं तर घाबरू नका, हिरडी सुजलेली असते. आठवडाभरानेही येत राहिलं तर दाखवा. आणि तुम्हीही एक पाकीट घेऊन ठेवा, इम्प्लांटच्या बाजूलाही अडकतंच. मेथीची भाजी सगळ्यात वाईट.