स्पूलफाइलला मराठीत काय म्हणावं?

गिरणाकाठ: चाळीसगावला कॉलेजच्या मुलांसाठी 'मट' हा टर्मिनलवरचा मेल प्रोग्राम पहिल्यांदा कसा बसवायचा, याचं दोन पानी टिपण लिहितेय. पासवर्ड, पोर्ट 993, सगळं जमलं. अडलं ते 'सेट स्पूलफाइल' या ओळीवर. आलेली पत्रं आधी जिथे पडतात, ती ही फाइल. मी 'टपालपेटी' लिहिलं. सहकारी म्हणाले, टपालपेटीत आपण पत्र टाकतो, इथे तर उलटं आहे. बरोबर आहे त्यांचं. मग काय लिहू?

पांझरा: स्पूल म्हणजे दोऱ्याचं रीळ. कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीचा शब्द. आद्याक्षरांतून बनला म्हणतात, ते मला मागाहून जुळवलेलं वाटतं. सरळ 'रीळ' लिहा.

गिरणाकाठ: रीळ आणि मोबाइलवरचं रील, मुलांचा घोळ होईल हो.

तापीकाठ: 'आगतपत्रसंचय'. घडवल्याशिवाय शब्द येणार कुठून? सावरकरांचे 'दिनांक', 'महापौर' आज कुणाला खटकतात?

बोरीकाठ: खळं म्हणा! आमची दादर ज्वारी कापली की आधी खळ्यात पडते, मळणी-उपणणी झाली की मग पोती घरात. मटमध्ये 'मूव्ह' या सेटिंगला विचारायला सांगून ठेवलं, तर बाहेर पडताना तो विचारतो, वाचलेली पत्रं एमबॉक्समध्ये, म्हणजे वाचून झालेल्या पत्रांच्या फाइलीत, हलवू का? खळ्यातून कोठीत! मला स्पूलफाइल उमगली ती याच प्रश्नाने. अहिराणीत ळचा य होतो, डोळ्याचा डोया. आई म्हणायची, "माल आजून खयामा शे."

तापीकाठ: खळ्यात कणसं येतात आणि दाणे जातात. पत्र जसंच्या तसं राहतं. आणि शहरातल्या मुलाने खळं पाहिलंय कुठे?

बोरीकाठ: त्याने आगतपत्रसंचय तरी कुठे पाहिलाय?

पांझरा: खळं पटलं. पण एमबॉक्सला कोठी नको, कणगी म्हणा. बांबूची, शेणाने लिंपलेली, घरातल्या कोपऱ्यात उभी.

गिरणाकाठ: खळं लिहून बघते. पण पहिल्यांदा चालवलं की "अशी फाइल वा डिरेक्टरी नाही" असा निरोप येतो. तिथे "खळं सापडलं नाही" चालेल का?

तापीकाठ: कणगी वर्षाच्या धान्याची. जुनी पत्रं ठेवायची तर पेव हवं, जमिनीतलं. 'पेव फुटणे' त्यातूनच आलं.

पांझरा: आमच्या आजोळी होतं पेव. उघडलं की आधी दोरीने कंदील आत सोडायचे. विझला, तर त्या दिवशी कुणी उतरायचं नाही.