एमबीएची तयारी: पहिली नोकरी कुठली धरू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे हार्वर्ड किंवा फ्रान्सच्या इन्सियाड या बिझनेस स्कूलमधून एमबीए करायचं मनापासून ठरवलंय. जीमॅट या एमबीए प्रवेशपरीक्षेचा स्कोअर ५ वर्षं चालतो, त्यामुळे परीक्षा आत्ताच देऊन टाकते. हार्वर्डच्या ‘टू प्लस टू’लाही (शिकत असतानाच प्रवेश पक्का करायचा, मग काही वर्षं नोकरी करून एमबीएला जायचं) यंदाच अर्ज करणार आहे.

तिथे नाही झालं तर खरा पेच पहिल्या नोकरीचा. मोठ्या कन्सल्टिंग कंपनीचं नाव वजनदार. छोट्या स्टार्टअपमध्ये मात्र जबाबदारी लवकर अंगावर पडते, माणसं सांभाळावी लागतात. मला दुसरं जास्त पटतं. पण शिफारसपत्र देणारा तिथला वरिष्ठ फारसा नावाजलेला नसेल तर अर्ज कमकुवत ठरतो का? आणि इन्सियाडच्या १० महिन्यांच्या एमबीएत क्षेत्र बदलणं कुणाला जमलंय का? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.