अनुभव धागा: डेस्कटॉपला रॅम वाढवली आणि गाडी अडली

डेस्कटॉपला नवी रॅम लावल्यावर ज्यांचा पीसी चालूच झाला नाही, किंवा चालू झाला पण वाढलेली रॅम दिसली नाही, त्यांनी इथे सविस्तर लिहावं ही विनंती. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव असे भडकले की चांगली स्टिक (रॅमचं लांबट कार्ड) खराब समजून बाजूला टाकणं आता कुणालाच परवडणार नाही. आणि माझ्या पाहण्यात तरी स्टिक बहुतेक वेळा निर्दोष असते, घोडं भलतीकडेच पेंड खात असतं. मदरबोर्ड कुठला, लक्षण काय आणि शेवटी कशाने सुटलं, एवढं नक्की लिहा.

सुरुवात मीच करते. घरी सेकंडहँड घेतलेला पीसी आहे. आठ जीबी होती, तेवढीच आणखी लावली. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या प्रोग्रॅममध्ये, १६ दिसत होती. विंडोजमध्येही १६, पण पुढे कंसात वापरण्याजोगी म्हणून आठच्या आतला आकडा. टास्क मॅनेजर उघडला तर 'हार्डवेअर रिझर्व्ह्ड'च्या नावावर उरलेली सगळी रॅम. शेवटी विंडोजच्या 'एमएसकॉन्फिग' या सेटिंगच्या खिडकीमध्ये बूट, त्यात अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स इथे गेले, तर आधीच्या मालकाच्या काळात कुणीतरी 'मॅक्सिमम मेमरी'वर टिक करून ८१९२ (एमबी, म्हणजे आठ जीबी) लिहून ठेवलं होतं. टिक काढली, रिस्टार्ट केलं, पूर्ण रॅम मिळाली. ती टिक केली की रॅम वाढते असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. कृपा करून ऐकू नका. ती सोय मर्यादा घालण्यासाठी आहे.

सांगली, डीटीपी आणि छपाई

ताई, तुमच्यासारखंच लक्षण, पण कारण वेगळं. आमच्याकडे जुन्या फाँटमधल्या फायली खूप, त्यामुळे एक मशीन अजून विंडोज ७ वर आहे. दिवाळी अंकाचं काम सुरू व्हायच्या आधी इंटेलच्या जुन्या एच६१ चिपसेटच्या बोर्डाला आठ-आठच्या दोन स्टिका टाकल्या. 'इन्स्टॉल्ड १६ जीबी, ८ जीबी युजेबल' असं यायला लागलं. दुकानदार भला माणूस, त्याने काउंटरवरच्या मशीनला लावून पूर्ण १६ दाखवली. मग आमचं विंडोज पाहिलं, तर होम बेसिक. ती आवृत्ती ६४ बिट असली तरी आठच्या वर जातच नाही. होम प्रीमियम १६ पर्यंत जाते, प्रोफेशनल त्याच्याही बरीच पुढे. आपल्याकडे त्या काळी होम बेसिक भरपूर खपली, म्हणून जुनं मशीन असेल तर रॅम घेण्याआधी आवृत्ती बघा.

आणि ३२ बिट विंडोज असेल तर चार जीबी लावूनही सव्वातीनच्या आसपासच दिसते. पत्ते द्यायला जागाच एकूण चार जीबीची, त्यातली काही ग्राफिक्स आणि बाकीची उपकरणं घेतात. त्यात रॅमचा काही दोष नाही.

रत्नागिरी, हार्डवेअर दुरुस्ती

आमच्याकडे पावसाळ्यात निम्म्या तक्रारी रॅमच्याच. खारी दमट हवा, त्यात सुट्टीत महिनाभर बंद पडलेलं मशीन. गिऱ्हाईक म्हणतो, नवी रॅम टाकली आणि जुनीपण गेली. प्रत्यक्षात स्टिक काढून उजेडात तिरकी धरली की सोनेरी पट्ट्यांवर तपकिरी साय चढलेली दिसते. नवी लावताना जुनी हलली आणि तिचा धरून ठेवलेला संपर्क सुटला, एवढंच.

मी काय करतो ते सांगतो. आधी वायर भिंतीतून काढायची, नुसतं बटण बंद करून चालत नाही. मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरायचं, म्हणजे आत उरलेला करंट जातो. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा. मग पांढरा मऊ खोडरबर पट्ट्यांवर एकाच दिशेने फिरवायचा. शाई खोडायचा खरखरीत रबर अजिबात नको, त्याने मुलामा जातो. चुरा ब्रशने झटकून आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या कापडाने पुसायचं. स्लॉटमध्ये मऊ ब्रश आणि ब्लोअर, तोंडाने फुंकर मारू नका, वाफेचे कण आत बसतात.

बसवताना दोन्ही टोकांना टक् असा आवाज आला पाहिजे. हल्ली बऱ्याच बोर्डांना एकाच बाजूला खटका असतो. वरचा खटका लागतो आणि खालचं टोक अर्धा मिलिमीटर वर राहतं, बघणाऱ्याला कळतही नाही. अंगठ्याने दोन्ही टोकं स्वतंत्र दाबा.

तरीही डिस्प्ले नाही आला, तर एकच स्टिक ठेवून प्रत्येक स्लॉटला फिरवा, मग दुसरी स्टिक तशीच. यात स्टिक गेली की स्लॉट, हे स्वच्छ कळतं. घाईत लोक नेमकी हीच पायरी गाळतात. त्यानंतर सीआर२०३२ बटनसेल काढून थोडा वेळ थांबायचं, म्हणजे बायोस मूळ सेटिंगवर येतं. बीपवर फार जाऊ नका, त्यांचा अर्थ बोर्डागणिक बदलतो, आणि नव्या कॅबिनेटमध्ये स्पीकरच नसतो. नव्या बोर्डावर 'डीरॅम' लिहिलेला बारीक दिवा असतो, तो बघा.

बीड जिल्हा, प्राथमिक शिक्षक

शाळेला देणगीत जुने संगणक मिळाले, सगळे इंटेलच्या त्याहून जुन्या जी४१ चिपसेटच्या बोर्डाचे, रॅम डीडीआर३ पिढीची. गावकऱ्यांनी वर्गणी काढून चार-चार जीबीच्या स्टिका आणून दिल्या. एकही मशीन चालू होईना. जुन्या दोन जीबीवर मात्र सगळी सुरळीत. तालुक्याच्या मेकॅनिकने स्टिक हातात घेऊन आधी काळ्या चिप मोजल्या. एकाच बाजूला आठ. म्हणाला, जी४१ ला हे चालत नाही, दोन्ही बाजूंनी मिळून सोळा चिप असलेली चार जीबी लागते. त्या चिपसेटला दोन गिगाबिटपर्यंतचीच चिप वाचता येते, आणि आठ चिपमध्ये चार जीबी बसवायची तर प्रत्येक चिप चार गिगाबिटची असावी लागते (आठ गिगाबिट म्हणजे एक जीबी). सोळावाली मिळाली आणि लगेच चालली. वर्गणीचा पैसा आहे, म्हणून कळकळीने लिहितोय: जुन्या बोर्डासाठी नुसतं 'डीडीआर३ चार जीबी' मागू नका, चिप मोजा.

पुणे, व्हिडिओ एडिटिंग

माझं मशीन बंद पडत नव्हतं, म्हणूनच शोधायला वेळ लागला. डीडीआर५ रॅम, एएमडीचा रायझन ७००० मालिकेतला प्रोसेसर, दोन स्टिका होत्या, आणखी दोन टाकल्या. रेंडर मध्येच थांबायचं, झिप फायली उघडताना एरर यायचा. निळी स्क्रीन क्वचितच. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवला, चुकांच्या लाल ओळी आल्या. पण एकेक स्टिक तपासली तर चारही स्वच्छ. दोन स्टिकांना या प्रोसेसरवर एएमडीचा अधिकृत वेग ५२०० एमटी/से आहे, चार लावल्या की तोच ३६०० वर येतो. मी एक्स्पो प्रोफाइल, म्हणजे रॅमला अधिकृत वेगाच्या वर पळवणारं बायोसमधलं सेटिंग, चालू ठेवून चौघींना ६००० वर पळवत होतो. वेग उतरवल्यावर एकही चूक नाही. आता मोठ्या दोनच घेतल्या आहेत. प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट, बहुतेक बोर्डांवर दोन स्टिकांची जागा हीच असते. मेमटेस्टमध्ये एक जरी चूक आली तरी ती चूकच धरा.

म्युनिक

वरच्यांना जोडून: डीडीआर५ लावल्यावर पहिल्या वेळी स्क्रीन काही मिनिटं काळीच राहू शकते. बोर्ड मेमरी ट्रेनिंग करत असतो, म्हणजे नव्या रॅमशी जुळवून घेत असतो. आईबाबांच्या नाशिकच्या पीसीला व्हिडिओ कॉलवरून रॅम लावून घेत होतो. बाबा म्हणाले, काहीच होत नाही, बंद करू का? मी म्हटलं, चहा ठेवा, हात लावू नका. चहा व्हायच्या आत लोगो आला. मध्येच बंद केलं की ट्रेनिंग पहिल्यापासून सुरू होतं.

कोल्हापूर

आमच्या इथे दोन स्लॉट पूर्ण मेलेले, कुठलीही स्टिक लावा. रॅम बदलली, बोर्ड बदलायला निघालो होतो. शेवटी प्रोसेसर काढून पाहिला तर सॉकेटमधली एक पिन वाकलेली. कूलरचे स्क्रू एकीकडे जास्त आवळले तरी रॅमचा एक चॅनल (प्रोसेसरपर्यंतची एक वाट) गायब होतो, हेही तेव्हाच कळलं.

सांगली

गुरुजी, त्या आठ चिपवाल्या स्टिकांचं काय केलंत?

बीड जिल्हा

कपाटात आहेत. दुकानदार परत घेत नाही.

रत्नागिरी

टाकू नका गुरुजी. लेबलवर 'फक्त एएमडीसाठी' असं काही नसेल तर एच६१ बोर्डावर त्या आरामात चालतील.

बीड जिल्हा

लेबलवर तसं काही नाही. केंद्रशाळेतले संगणक एच६१ चे आहेत, दोन-दोन जीबीवर रडत आहेत. सोमवारी बैठकीला जातानाच घेऊन जातो, खोडरबरसकट.